ज्याची त्याची गोळी

वामनकाका माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, नखांकडे बघून बोलतात. तुम्ही नमस्कार केलात तर ते तुमचे जोडलेले हात तसेच धरतात, उजेडाकडे वळवतात आणि म्हणतात, "लोह कमी आहे." तुमचं नाव ते त्यानंतर विचारतात.

कळमनुरीत त्यांच्या आणि माझ्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी इथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहायला आले त्या दिवशी सामान उतरवणाऱ्यांनी माझ्या कपाटाचा आरसा फोडला आणि साहजिकच माझा आवाज चढला. तेवढ्यात भिंतीपलीकडून एक टक्कल वर आलं, "बी-कॉम्प्लेक्स," असं म्हणालं आणि खाली गेलं. थोड्या वेळानं ते टक्कल गोळ्यांची पट्टी घेऊन दारात हजर. "जेवणानंतर एक घ्या, मास्तरीणबाई. चिडचिड कमी होईल." माझी चिडचिड अर्थातच वाढली. तेव्हापासून मी कुणावरही ओरडले की भिंतीवर एक पट्टी येऊन पडते. आमच्या घरात बी-कॉम्प्लेक्सच्या इतक्या पट्ट्या साठल्या आहेत की पाहुण्यांना वाटतं, मी कसल्या तरी मोठ्या आजारातून उठले आहे.

काका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. औषधांचं शिक्षण काहीच नाही. पण त्यांचा एक सिद्धांत आहे आणि तो ते सगळ्या गावाला ऐकवतात. "ज्याची त्याची गोळी." शेजारणीला गुण आला म्हणून तुम्ही तीच बाटली आणायची, हे त्यांना अजिबात मान्य नाही. "वय पाहा, काम पाहा, ताटात काय पडून राहिलं ते पाहा. मग गोळी ठरवा. सगळ्यांना एकच कशी चालेल हो? एकमेकांचे चष्मे घालता का तुम्ही?" आमच्या गल्लीतलं एक जोडपं एकाच बाटलीतून कॅल्शियम घेतं हे कळलं तेव्हा काकांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं.

त्यांचे सल्ले लागू पडतात असं मात्र कुणी समजू नये. कोपऱ्यावरच्या शिंप्याला त्यांनी सांगितलं, "तुम्हाला ड नाही. मशीन उन्हात घ्या." शिंपी भला माणूस. त्यानं मशीन ओट्यावर आणलं. त्याला ड मिळालं की नाही ठाऊक नाही, पण माझ्या जांभळ्या ब्लाउजपीसचा रंग उडाला. आणि हळदीच्या हंगामात तर काकांची विद्या पार कोलमडते. आमच्या भागात तेव्हा हळद शिजवायची, वाळवायची, घोळायची धांदल असते आणि ज्याची त्याची नखं पिवळीधमक. एकदा त्यांनी बसस्टँडवर वसमतकडच्या एका तरुणाचे हात बघितले आणि "कावीळ! लिव्हर गेलं!" म्हणत त्याला ओढत दवाखान्यात नेलं. पोरगं बिचारं वाटभर सांगत होतं, "ओ काका, हळद घोळून आलोय मी, सोडा की!" काकांना ते दवाखान्याच्या पायरीवर पटलं. उतरता उतरता म्हणाले, "तरी क जीवनसत्त्व घेत जा."

त्यांच्या बैठकीत भिंतीतलं एक काचेचं कपाट आहे. त्यात बाटल्या, डब्या, पट्ट्या ओळीनं लावलेल्या. बाटल्यांच्या मागे धावण्याच्या शर्यतीत मिळालेले दोन-तीन कप आहेत. ते बाहेरून नीट दिसत नाहीत.

"तुम्ही स्वतः काय घेता?" मी एकदा विचारलं.

"मला काही कमी नाही," काका म्हणाले आणि माझी नखं बघायला लागले.

ते कप मेघाचे, म्हणजे काकांच्या मुलीचे. हे सगळं वेड तिच्यामुळेच सुरू झालं. मेघा बालवाडीत असताना काकू गेल्या. पोर खंगली, जेवेना. डॉक्टरांनी माशाच्या तेलाच्या गोळ्या सांगितल्या. आता हे घर असं की अंड्याचं नाव काढलं तरी आचमन करतील. काकांचे वडील तेव्हा हयात होते. तर काका रोज सकाळी मेघाला न्हाणीघरात न्यायचे, दार लावायचे, ती पिवळी गोळी तिला द्यायचे आणि वास जावा म्हणून वर खडीसाखरेचा खडा. बाहेर आजोबा स्तोत्र म्हणतायत आणि आत बापलेक माशाचं तेल पचवतायत! मला हे मेघानंच हसत हसत सांगितलं होतं. पोर त्या तेलावर अशी उभी राहिली की पुढे जिल्ह्यात धावली.

हीच मेघा हिंगोलीला कॉलेजात जाताना बसमध्ये विलासला भेटली. विलास डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा. पोरगा शिकलेला, हळद करतो, ठिबकचं सामान विकतो, स्वभावानं गरीब. पण तांड्यावरचा, आणि काकांना तेवढं पुरलं. लग्नाला गेले नाहीत. नंतर विलासचे वडील, थावरू नाईक, रीतीप्रमाणे घरी बोलवायला आले तर यांनी दार उघडलं नाही. मी ओट्यावरच होते. पांढरा फेटा, कानापर्यंत गेलेल्या मिशा, हातात नारळ घेऊन म्हातारा बराच वेळ उभा होता. मग नारळ उंबऱ्यावर ठेवून गेला. मला असा संताप आला की मी भिंतीवरून स्पष्ट बोलले, "काका, माशाच्या तेलाला सोवळं सोडलंत ना? मग आत्ताच कसं आठवलं?"  दुसऱ्या दिवशी भिंतीवर पट्टी आली नाही. ती एकदाच आली नाही.

त्यानंतर ते संध्याकाळचे बसस्टँडवर जायला लागले. "ड साठी. ऊन लागतं अंगाला." आता आमच्या स्टँडवर वर पत्रे आहेत, आणि काका बरोबर पत्र्याखाली उभे असतात, डोंगरकड्याची गाडी लागते त्या फलाटाशी. गाडी यायची, माणसं उतरायची, काका त्यांच्या हातांकडे बघायचे. गाडी गेली की घरी. कंडक्टरपासून भजीवाल्यापर्यंत सगळ्यांना ते कशाला येतात हे माहीत होतं. म्हणूनच कुणी त्यांना विचारत नव्हतं.

मग शाळेत डोंगरकड्याहून येणाऱ्या एका बाईंकडून मला कळलं की मेघाला दिवस गेलेत. मी ते भिंतीवरून काकांच्या कानावर घातलं. ते तुळशीला पाणी घालत होते. घालतच राहिले. वृंदावनातून पाणी बाहेर आलं, पायरीवरून ओघळलं, तरी तांब्या तिरपाच. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. आणि मेघाचं माहेर म्हणजे हे घर आणि हा एक माणूस.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी शेंगा निवडत ओट्यावर बसले होते. बघते तर काका थावरू नाइकांचा हात धरून त्यांना घेऊन येतायत! बाजारातून, मिरच्यांच्या ढिगाजवळून उचलून आणलं होतं. जणू ओळखतच नाही अशा चेहऱ्यानं त्यांना ओट्यावर बसवलं, त्यांची नखं उन्हात धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "तुम्हाला फॉलिक ॲसिड लागतं."

नाईक काकांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. "आसंल साहेब," ते म्हणाले. "तुमी म्हणता तर आसंल."

काकांनी आतून गोळ्यांची बाटली आणली, आणि दुधातून घ्यायच्या पावडरचा एक मोठा डबा. डब्यावर पोटावर हात ठेवून हसणारी बाई होती. नाइकांनी तो डबा फिरवून फिरवून पाहिला.

"साहेब, ह्याच्यावर तर पोटुशी बाई काढली हाय."

"चित्राकडे नका पाहू. सकाळी दुधातून. तुम्ही घ्या किंवा घरात… घरात ज्याला लागत असेल त्यानं घ्यावी."

जन्मभर "ज्याची त्याची गोळी" म्हणणारा माणूस! मी शेंगा तशाच टाकून बघत बसले. पण गंमत पुढेच होती. तांड्यावरचं जे कुणी बाजारात दिसेल त्याला काकांनी तीच गोळी सुरू केली. बैल विकायला आलेला दाढीवाला, काठी टेकत येणारी म्हातारी, ट्रॅक्टरवाला, सगळ्यांना फॉलिक ॲसिड, लोह, कॅल्शियम. एक तरी बाटली बरोबर घरी पोचावी म्हणून त्यांनी सगळ्या तांड्याला गरोदर ठरवलं होतं. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंकडेही ते जाऊन आले. त्या म्हणाल्या, "पेशंटला घेऊन या, न बघता मी काही सांगणार नाही." काका परत आले आणि मला म्हणाले, "त्या बाईंना झिंक कमी आहे."

थावरू नाईक मात्र दर बाजाराला नेमानं येऊन ओट्यावर बसायचे. आणि मग दोघांचं जे बोलणं व्हायचं ते ऐकायला मी त्या दिवशी मुद्दाम शेंगा, मेथी, काहीतरी निवडायला काढायची.

"कसं आहे?" काका विचारायचे.

"गोळ्या लागू पडून राहिल्या साहेब. उलट्या थांबल्या." नाईक मिशीवरून हात फिरवत सांगायचे.

"अन् झोप?"

"झोप लागती. पर रोज आंबट खावं वाटून राहिलं."

"चिंच नका देऊ… घेऊ नका म्हणतो मी. लिंबू चालेल. पाय सुजतात का?"

"सातवा लागला तवापून जरासे."

"वजन उचलू नका."

"न्हाई साहेब. आमची मंडळी पाण्याचा हंडा बी उचलू देत न्हाई."

काकांनी मान खाली घातली. "चांगली माणसं आहेत तुमच्या घरची," म्हणाले.

"व्हय," नाईक म्हणाले. "लेकरावानी जपतेत मला."

मिशाळ म्हातारा स्वतःच्या डोहाळ्यांचं वर्णन करतोय आणि हेडक्लार्क ते ऐकतोय. हसू आवरेना म्हणून मी पदर तोंडात कोंबला होता, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. दोन व्याही एका ओट्यावर बसलेले, आणि व्याही हा शब्द दोघांपैकी एकालाही काढता येत नव्हता.

एकदा नाईक जाता जाता माझ्याकडे पाणी प्यायला थांबले. मी म्हटलं, "नाईकबाबा, खरंच गोळ्या लागू पडल्या का हो?"

"गोळ्या तं आमची सिस्टरच देती, बाई. फुकट. तिनं सांगितलं, ह्या अन् तिकडच्या, दोन्ही संगं घिऊ नका. पावडर तेवढी घेती पोरगी. बाटल्या सगळ्या देवळीत ठिवल्यात ओळीनं, रोज पुसती."

"मग नेता काहून?"

नाइकांनी तांब्या खाली ठेवला. "मी घरी गेलो की दारातच इचारती ना, माझ्या नानांनी आज काय दिलं म्हणून. रिकाम्या हातानं काय सांगू तिला?"

हळदीच्या कढया गावोगाव पेटल्या होत्या त्या दिवसांत नाईक एकदा बाजार नसताना आले. फेटा नवा होता. ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "साहेब, सुटका झाली. सारं बराबर झालं. लेक झाली."

काका दाराची चौकट धरून उभे होते. "तकलीफ?"

"न्हाई. दोघी बी खुशाल हाएत."

दोघी म्हटल्यावर ते नाटक तिथंच संपायला हवं होतं. नाईक थांबले. मीही थांबले. काका आत गेले, बाळंतकाढ्याची बाटली आणि शतावरीचा डबा घेऊन आले आणि नाइकांच्या हातात देत म्हणाले, "तुमची तब्येत जपा." नाइकांनी ते घेतलं. त्यांच्या मिशा जरा हलल्या. त्या दिवशी मला वामनकाकांचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. आणि त्यांची कीवही तेवढीच आली.

सव्वा महिना उलटून गेल्यावर नाईक आले ते तोच पावडरचा डबा घेऊन, पोटुशा बाईच्या चित्राचा. त्यांनी तो ओट्यावर ठेवला. "घरून दिलाय. रिकामा कसा पाठवावा म्हणली." आत जवसाची चटणी होती. लसणाची, तीळ घातलेली, काकूंच्या हातची असायची तशी. डब्याच्या पांढऱ्या झाकणावर पिवळ्या बोटांचे ठसे होते. अंगणात हळद वाळत असणार, त्यातच उठून तिनं डबा भरला असणार. काकांनी झाकण उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ ते ठसे बघितले. "हात कामाला लागले पोरीचे," एवढंच म्हणाले. पोरीचे हा शब्द त्यांच्या तोंडून लग्नानंतर मी पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर काका रोज जेवणानंतर त्या चटणीची एक चिमूट घ्यायचे. जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, वर पाणी. औषधासारखी. बाजारामागून बाजार गेले, पण डबा काही संपेना. चिमूट लहान लहान होत चालली होती. नाईक यायचे, विचारायचे, "डबा झाला का साहेब?" आणि काका म्हणायचे, "अजून आहे." तो संपला की परत द्यावा लागणार, रिकामा देता येणार नाही, त्यात काहीतरी घालावं लागणार, आणि ते आपल्या हातानं जाऊन द्यावं असं आतून वाटत होतं म्हणूनच तो संपत नव्हता. माझी चिडचिड तर जगजाहीर आहे. एका रविवारी मी ज्वारीच्या भाकरी केल्या, ताट घेतलं आणि सरळ काकांच्या बैठकीत जाऊन बसले.

"काका, चटणी वाढा."

"चिमूटभर?"

"डबाच द्या इकडे." मी डबा ताटात उलटा केला, वर तेल ओतलं आणि खायला लागले.

"अहो! अहो मास्तरीणबाई! काय करून राहिल्या तुम्ही? जवस उष्ण असतं!" काका भोवती फिरत होते. मी एक भाकरी संपवली, दुसरी घेतली. लसणानं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मी थांबले नाही. शेवटचा घास मात्र मी काकांच्या पुढे धरला. त्यांनी तो घेतला. चावता चावता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लसणानं नव्हे.

"संपली," मी म्हटलं. "आता डबा रिकामा आहे."

काका खुर्चीत बसले. मग उठले, डबा घासायला घेतला. आतून घासला. झाकणाला हात लावला नाही. डबा भिंतीवर उन्हात पालथा घातला आणि काचेच्या कपाटापुढे जाऊन उभे राहिले. इतक्या बाटल्या, पण एकीला हात लावेनात. शेवटी त्यांनी पुढच्या ओळी बाजूला सारल्या, मागून मेघाचा एक कप काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुढे ठेवला. पायात चपला घालून ते वाण्याकडे गेले आणि खडीसाखर घेऊन आले. डबा गच्च भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा काका दारात उभे होते. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. मला म्हणाले, "डोंगरकड्याची गाडी किती वाजता असते हो?"

त्या स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा ज्याला पाठ, तो मला विचारत होता. मी म्हटलं, "आत्ताच आहे. चला, मी स्टँडवरूनच जाते."

वाटेत कुणाचंही नख त्यांनी पाहिलं नाही. गाडी लागलेली होती. पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले. पिशवी छातीशी धरलेली.

"दार उघडलं नाही त्यांनी तर?"

"कुणी?"

"नाइकांनी. मी नव्हतं उघडलं."

 "ते दर बाजाराला तुमच्या दारात आलेच ना, काका," मी म्हटलं. "उघडतील."

काकांनी मान हलवली. कंडक्टर घंटी मारायला लागला होता. "इतक्या लोकांची नखं पाहिली मी, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "तिची नाही पाहिली. त्या चिमुरडीची." आणि वर चढले.

डाव्या बाजूला सावली होती, तिकडच्या सगळ्या जागा मोकळ्या होत्या. काका उजवीकडे खिडकीशी बसले. ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. मी गाडीला वळसा घालून त्या खिडकीखाली गेले. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून मला पिशवीतली काहीतरी वस्तू दिली आणि गाडी हलली. मी मूठ उघडून बघितली. बी-कॉम्प्लेक्सची पट्टी असणार असं वाटलं होतं. खडीसाखरेचा खडा होता.